फ्लाइट मोडमधली राइस मिल

मला रागीट म्हणतात ते काही खोटं नाही. माझा राग नवऱ्यावर निघतो, दूधवाल्यावर निघतो, एकदा तर लग्नाच्या पंगतीत वाढप्यावर निघाला होता. फक्त कंप्युटरवर तो कधी निघाला नव्हता, कारण कंप्युटर सांगितलेलं ऐकायचा. आमच्या घरात तेवढा एकच होता.

घर गोंदियाजवळच्या नागऱ्याला, रस्त्याला लागून. रस्त्याकडची खोली माझी म्हणायची. टेबल माझं, कंप्युटर माझा, भिंतीवर राइस मिलचं कॅलेंडर. लग्नाआधी मी गोंदियाच्या एका इन्स्टिट्यूटमध्ये कोर्स केला होता आणि तिथंच शिकवतही होते. १९९९ मध्ये लग्न होऊन इथं आले, तेव्हा दोन हजार साल लागलं की जगातले सगळे कंप्युटर बंद पडणार अशी घबराट होती. गोंदियातल्या एका मिलच्या सेठजींच्या कानावर ती बातमी गेली आणि तेही घाबरले. त्यांच्याकडे कंप्युटर नव्हताच. मग त्यांनी लगबगीने एक विकत घेतला, आणि तो बंद पडू नये म्हणून मला बोलावलं.

त्यांच्यासाठी मी डॉसमध्ये प्रोग्राम लिहिला. धानाची गाडी काट्यावर येते, भरल्या गाडीचं वजन होतं, धानाचे कट्टे, म्हणजे पोती, उतरतात, मग रिकाम्या गाडीचं वजन होतं, दोन्हींतला फरक म्हणजे धान. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. दोन हजार साल लागलं, काही बंद पडलं नाही, आणि त्याचं सगळं श्रेय सेठजींनी मला दिलं. मीही ते घेतलं.

तो प्रोग्राम मला का आवडायचा, ते नीट सांगते. तो पहिल्या ओळीला सुरू व्हायचा, मी सांगेन त्याच वाटेने जायचा, आणि मी ‘संपव’ म्हटल्यावर संपायचा. मध्ये कोणी येत नसे. या घरात मी कणीक भिजवायला घेतली की दारावर कोणीतरी यायचं, चहा मांडला की धोबी यायचा, डोक्यावरून पाणी घेतलं की सासूला हळदीचा डबा सापडत नसे. दिवसाचं कुठलंही काम मी एका दमात संपवल्याचं आठवत नाही. त्या काळ्या पडद्यात मात्र माझ्या परवानगीशिवाय पान हलायचं नाही.

सासूला हे काम म्हणजे ‘खटखट’ वाटायचं. शेजारपाजारच्या बाया आल्या की ती सांगायची, “सून आतमधी खटखट करून रायली.” मग मागच्या सपरीतून, म्हणजे पडवीतून, हाक यायची, “काऊन वं, आइकू नाई येत का? पाव्हण्या आल्या ना!” मी उठायचे. परत येऊन बसते न बसते तोच, “झाली का तुई खटखट? भाजी चिरा लागते.” तिच्या हाकेला आवाज असा होता की नागऱ्याच्या देवळातली घंटा झाकून जावी. सासरे नव्हते, त्यामुळे घरात शेवटचा शब्द तिचाच असायचा. नवरा दरेकश्याच्या शाळेत मास्तर. सकाळच्या गाडीने जायचा, संध्याकाळी यायचा, आणि दोघींच्या मध्ये कधी पडायचा नाही. त्याला मी शहाणपण म्हणत नाही.

अशी बारा-तेरा वर्षं गेली. मग दोन गोष्टी एकाच सुमाराला झाल्या. धाकट्या दिराच्या डोक्यात मोबाईल रिचार्जचं दुकान आलं, आणि त्याला रस्त्याकडची खोली हवीशी वाटू लागली. सासूने निकाल दिला, “मिलची खटखट चालू हाये तोवर खोली हिची. बंद पडली का दुकान टाक.” दीर वाईट माणूस नाही. पण त्यानंतर तो माझ्या खोलीत आला की बोलता बोलता वितीने भिंत मोजायचा.

आणि इकडे सेठजींनी नागपूरहून मोठ्या स्क्रीनचा टच फोन आणला. मला बोलावून तो टेबलावर ठेवला.

“मॅडम, अब अपना पूरा हिसाब इसमें चाहिए. काटा इसमें, गाडी इसमें, सब इसमें.”

“सेठजी, कंप्युटरवर चालू आहे ना नीट?”

“कंप्युटर खिसे में नहीं आता. हलका धान निकलने के पहले कर दो. नागपूर के लड़के रोज फोन कर रहे हैं मेरेको, मैंने बोला हमारी मॅडम है. अब आप देखो.”

म्हणजे प्रश्न सरळ होता. हलका, म्हणजे लवकर तयार होणारा धान दसऱ्याच्या पुढेमागे निघतो, तोवर मला फोनचा प्रोग्राम करता आला तर मिल माझी, आणि मिल माझी तर खोली माझी. नाही आला तर माझ्या टेबलाच्या जागी रिचार्जचा काउंटर. मी मनात म्हटलं, आपण इतकी वर्षं हेच करतो आहोत, त्यात काय एवढं.

नवऱ्याने शिकायला म्हणून एक स्वस्तातला अँड्रॉइड फोन आणून दिला, आणि मी नागपूरहून उशाएवढं जाड पुस्तक मागवलं. पहिल्या दिवशी मी प्रोग्रामची सुरुवात शोधायला घेतली. कुठल्याही प्रोग्रामला सुरुवात असते. तिथून आत शिरायचं आणि मग सगळं घर पालथं घालायचं, अशी माझी पद्धत. अँड्रॉइडच्या या प्लॅटफॉर्मवर ती सुरुवात सापडेना. पुस्तक म्हणत होतं, प्रोग्राम तुम्ही सुरू करायचा नसतो, फोनच त्याला बोलावतो. तुम्ही फक्त लिहून ठेवायचं, की बोलावलं तर काय करायचं, बाजूला सारलं तर काय करायचं, परत बोलावलं तर काय करायचं.

मग एक पानभर आकृती होती. प्रत्येक पडद्याचा जन्म, समोर येणं, बाजूला होणं, नजरेआड जाणं आणि नाश. आणि खाली अगदी थंडपणे लिहिलं होतं, की फोनला जागेची गरज पडली तर तो न विचारता कधीही तुमचा प्रोग्राम मारून टाकू शकतो. हे वाचून माझ्या अंगाची लाही झाली. मी पुस्तक आपटून ओरडले, “अरे, पण मारून कायले टाकता?”

मागच्या सपरीतून तत्काळ आवाज आला, “कोणाले मारलं वं?”

त्या दिवसांत बिरसीच्या विमानतळावरचं शिकाऊ विमान आमच्या घरावरून रोज घरघर करत गोल घालायचं. पुढे जाऊन पुन्हा तिथंच यायचं. मीही आकृतीवर तशीच फिरत होते. कधी वाटायचं, वरच्या त्या मुलाला निदान शेजारी बसलेला मास्तर तरी आहे. माझा मास्तर दरेकश्याला पाचवीच्या मुलांना भागाकार शिकवत होता, आणि घरी आल्यावर मला म्हणाला, “तुला नवीन गोष्ट शिकायची नाहीये, जुनी सोडायची आहे, म्हणून जड जातंय.” मी त्याला त्या रात्री भाजीत तिखट जास्त घातलं. वाक्य बरोबर होतं, पण विचारलं कोणी होतं?

शेवटी मी हट्टाने माझा जुनाच प्रोग्राम त्या फोनमध्ये दामटून बसवला. भरल्या गाडीचं वजन प्रोग्रामने लक्षात ठेवायचं, कट्टे उतरले की रिकाम्या गाडीचं वजन घ्यायचं, फरक काढायचा. मध्ये फोन काय काय करतो, याच्याशी मला देणंघेणं नव्हतं. माझ्या टेबलावर तो झकास चालला. माझ्या टेबलावर मध्ये कोणी फोन करत नव्हतं ना.

मिलमध्ये काय चालतं ते मला इतक्या वर्षांत ठाऊक असायला हवं होतं. तिथलं सगळं काम मिस कॉलवर चालायचं. फाटकावरच्या चौकीदाराचा एक मिस कॉल आला की धानाची गाडी आली. दोन आले की गाडी नाही, पार्टी आली, खुर्ची पुसा. सेठजींनी हमालांच्या मुकादमाला एक दिला की हमाल पाठव, आणि चहावाल्याला एक दिला की चहा पाठव. चहावाल्याने उलट एक दिला की दूध फाटलं, थांबा. फोन कोणी उचलायचा नाही, उचलला तर समोरचा रागवायचा, त्याचे पैसे जायचे. सेठजींचा फोन दिवसभर असा अर्धा अर्धा वाजत असायचा, आणि त्यावर अख्खी मिल डोलत असायची.

हलक्या धानाची पहिली ट्रॉली आमच्याच घरची होती. दीर ट्रॅक्टर घेऊन आला होता. काट्यावर ट्रॉली चढली, सेठजींनी वजन टाकलं, आणि मला कौतुकाने दाखवायला फोन आडवा केला. आडवा करताच आकडे पुसले गेले. या प्लॅटफॉर्मवर फोन आडवा केला तरी पडदा मरतो आणि नवा जन्म घेतो, हे मी वाचलं होतं. पण वाचलेलं आणि डोळ्यांदेखत झालेलं यात फरक असतो. म्हटलं, सेठजी, उभाच धरा. वजन पुन्हा टाकलं. हमालांनी कट्टे उतरवायला घेतले. तेवढ्यात चौकीदाराचा एक मिस कॉल, मग सेठजींचा मुकादमाला एक, चहावाल्याला एक, चहावाल्याचा परत एक. ट्रॉली रिकामी होऊन काट्यावर आली तेव्हा सेठजींनी माझा प्रोग्राम उघडला, आणि तो हसऱ्या चेहऱ्याने विचारत होता, की नवीन गाडी का?

“मॅडम,” सेठजी म्हणाले, “भरी गाडी का वजन किधर गया?”

मी काय सांगणार, की फोनला जागा लागली म्हणून त्याने मारून टाकलं? काट्यावरच्या वजनाची चिठ्ठी कोणी फाडून ठेवली नव्हती, कारण आता सगळं फोनमध्ये होतं. शेवटी हमालांनी ते सगळे कट्टे पुन्हा ट्रॉलीत भरले, पुन्हा वजन केलं, आणि पुन्हा उतरवले.  मुकादमाने डोक्याचा दुपट्टा काढून तोंड पुसलं आणि बराच वेळ माझ्याकडे बघितलं. दीर ट्रॅक्टरवर बसून होता. एवढा आनंदी मी त्याला त्याच्या साखरपुड्यात पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी चिडून गेले होते आणि चिडलेल्या माणसाला उपाय लवकर सापडतात. मी सेठजींचा फोन घेतला आणि फ्लाइट मोडवर टाकला. आता कोण बोलावतं माझ्या प्रोग्रामला बाजूला, बघू. प्रोग्राम खरंच सुरेख चालला. काट्यावर आधीच आलेल्या एका गाडीचं वजन झालं, फरक निघाला, सेठजींनी मान डोलावली. मग बराच वेळ दुसरी गाडी आली नाही. हमाल आले नाहीत. चहाही आला नाही.

“आज मंदा है,” सेठजी म्हणाले. मीही म्हटलं, असेल.

शेवटी आम्ही दोघं पायी फाटकापर्यंत गेलो तेव्हा गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली होती. चौकीदार बिचारा मिस कॉलवर मिस कॉल मारून थकला होता. हमाल मुकादमाच्या मिस कॉलची वाट बघत कोंड्याच्या ढिगावर आडवे झाले होते, आणि मुकादम सेठजींच्या मिस कॉलची. दोन ट्रॅक्टरवाल्यांची मधल्या मध्ये जुंपली होती. चहावाला किटली घेऊन स्वतःच येत होता. आल्या आल्या त्याने विचारलं, “सेठजी, आप जिंदा हो ना?”

सेठजी रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते फक्त म्हणाले, “मॅडम, मिल को हवाई जहाज मत बनाओ. भारी धान तक देखता हूँ. फिर नागपूर.” आणि खिशातून जुना कागद काढून त्यावर वजन लिहायला लागले.

घरी बातमी माझ्या आधी पोचली होती. दिराने ती नीट रंगवून सांगितली असणार, कारण सासू मला बघून पदर तोंडाला लावून आत गेली. दोन दिवसांनी दिराने पाटी रंगवून आणली, ‘येथे सर्व कंपन्यांचे रिचार्ज मिळेल’. मला वाईट वाटू नये म्हणून त्याने ती माझ्या खोलीबाहेर भिंतीकडे तोंड करून ठेवली. मला त्या पाठमोऱ्या पाटीचा जास्त राग आला. भारी, म्हणजे उशिरा येणारा धान दिवाळीनंतर निघणार होता.

मी परत आकृतीसमोर बसले. जन्म, समोर येणं, बाजूला होणं. लिहिलेलं चालेना, का चालेना ते कळेना, आणि मी त्या फोनला मनातल्या मनात झाडीपट्टीतल्या सगळ्या शिव्या देत होते. तेवढ्यात सपरीतून हाक आली, “काऊन वं...”

मी ‘आली’ म्हणून उठले आणि दारातच थबकले. तोंडाने ‘आली’ म्हणण्याआधी माझी बोटं काहीतरी करून मोकळी झाली होती. वळून पाहिलं, तर लिहिलेलं सगळं सेव्ह झालेलं. मी केलं होतं. सासूच्या ‘काऊन’मधला ‘का’ कानावर पडला, की माझी बोटं आपोआप सेव्ह करतात. लग्न झाल्यापासून करतात. हाकेनंतर मी परत कधी येईन, आल्यावर वीज असेल की नाही, कशाचाच भरवसा नसतो, म्हणून आधी हातातलं ठेवून मग उठायचं. मी या पुस्तकातलंच आयुष्य जगत होते की. मला बोलावतात तेव्हा मी समोर येते, मध्येच बाजूला सारतात, पुन्हा बोलावतात, आणि तरी माझं एकही काम हरवत नाही. आणि माझ्या प्रोग्रामला मात्र मी राजासारखं वाढवलं होतं. कोणी हाक मारली तर काय करायचं, हे त्याला शिकवलंच नव्हतं.

मला एकटीलाच मोठ्याने हसू आलं.

“हसून काय रायली? दूध उतू गेलं!” सासू आतून ओरडली.

त्यानंतर फार काही करावं लागलं नाही. ‘बाजूला होणं’ असं जिथं होतं, तिथं मी लिहिलं, की जे हातात असेल ते आधी जपून ठेव, मग जा. ‘समोर येणं’ होतं तिथं लिहिलं, की आधी ठेवलेलं बघ, मग बोल. माझा जुना प्रोग्राम मी तोडून पुन्हा लिहिला, या घरातल्या सुनेसारखा. लिहिताना थोडं वाईट वाटलं. एक जागा होती जिथं मला कोणी उठवत नव्हतं, ती आता उरली नाही, हे मला कळत होतं.

भारी धान निघाला तेव्हा दीर ट्रॅक्टर काढायला लागला. सासू म्हणाली, “मागच्या खेपेले धान दोनदा भरला. आता मलेच जा लागते.” आणि ती ट्रॉलीतल्या कट्ट्यांवर चढून बसली. मी तिच्या शेजारी. गोंदियापर्यंत ती कट्टे मोजत आली, आणि मी मनातल्या मनात आकृती घोकत आले.

भरल्या ट्रॉलीचं वजन झालं. सेठजींनी ते फोनमध्ये टाकलं. पण हमाल कट्ट्यांना हात लावेनात. मुकादम म्हणाला, “पयले फोन वाजू द्या, मंग पाहू.” सगळे सेठजींच्या फोनकडे बघत उभे राहिले. मिलमध्ये दिवसभर वाजणारा तो फोन नेमका गप्प बसला. शेवटी चौकीदाराला ओरडून सांगावं लागलं, की बाबा, एक मार. त्याने मारला. सासू कपाळावर हात मारून म्हणाली, “वाजला! गेला आमचा धान.”

सेठजींनी प्रोग्राम उघडला. वजन होतं. मग हौसेने दोन मिस कॉल मागवले, चहावाल्याला एक दिला, फोन आडवा केला, उभा केला, उलटा केला. वजन जिथल्या तिथे. कट्टे उतरले, रिकामी ट्रॉली काट्यावर चढली, आणि फरक बिनचूक निघाला. मुकादमाने दुपट्टा डोक्याला बांधला.

“अम्मा,” सेठजी सासूला म्हणाले, “ये आपकी बहू ने बनाया. नागपूर को बोल देता हूँ, आने का नहीं.”

“ठाऊक हाये मले,” सासू म्हणाली, आणि चहा घ्यायला बसली. परत येताना ट्रॉलीत ती झोपून गेली. घरीही कोणाजवळ काही बोलली नाही. मीही अपेक्षा केली नव्हती, असं म्हटलं तर खोटं होईल. मी फार अपेक्षा केली होती आणि मला राग आला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खोलीत बसून कोंड्याच्या विक्रीचा पडदा लिहीत होते. बाहेर दिराचा आवाज आला. पाटी न्यायला आला असावा, गोंदियात त्याला एका मित्राच्या दुकानात जागा मिळत होती. तो दारातूनच ओरडला, “वहिनी, अवं वहिनी!”

त्याच्यामागून सासूचा आवाज आला. माझी बोटं सवयीने हलली, सेव्ह झालं, मी अर्धी उठलेसुद्धा. मग लक्षात आलं, की ती मला बोलावत नव्हती.

“नको आवाज देऊ बाबू,” ती सांगत होती. “काम करून रायली ती.”

मी तशीच खाली बसले. डोळे भरून आले आणि स्क्रीनवरचं काही दिसेना. इतक्या वर्षांत ‘काम’ असं ती पहिल्यांदाच म्हणाली होती, आणि तेही मला ऐकू जाऊ नये अशा बेताने, म्हणजे तिला जमेल तेवढ्या हळू.

त्या दुपारी मला कोणी हाक मारली नाही. दारावर आलेल्या बाईला तिने बाहेरूनच वाटेला लावलं, भाजीही तिनेच चिरली. आणि माझ्याच्याने एक ओळ लिहवली नाही. मी सारखी कान टवकारून हाकेची वाट बघत होते. शेवटी ऊन उतरलं तेव्हा लिहिलेलं तसंच सोडून, सेव्ह न करता, मी उठून सपरीत गेले आणि आम्हा दोघींचा चहा मांडला.